दुसरा लोलक

रविवार, संध्याकाळ. उस्मानपुरा.

पाटी वाचली तेव्हाच परत फिरायला हवं होतं. 'लोलकाचं चित्रयंत्र. निर्मिती : वर्षा.' फक्त वर्षा. चितेगावच्या वर्कशॉपमधून वजनं कुणी करून आणली? कागदाचा लोलक कुणी बसवला? जाऊ दे.

नाही, का जाऊ दे?

प्रदर्शनात गर्दी लई होती. यंत्राच्या एका लोलकाला पेन, दुसऱ्याला कागद. दोन्ही एकदम सोडले तरच नक्षी जमते, म्हणून दोन माणसं लागतात. आम्ही दोघींनी कधी एक-दोन-तीन म्हटलं नाही. वर्षा श्वास ओढून घेते, की मी लोलक सोडते. इतकं साधं.

आज तिनं माईकवर विचारलं, "प्रेक्षकांतून कुणी येतं का मदतीला?" आणि थेट माझ्याकडं बघितलं. मी गेले. का गेले मी? तिनं श्वास ओढला आणि माझ्या हातून लोलक सुटला, नेहमीसारखा.

इतकी सुरेख नक्षी आजवर आली नव्हती. टाळ्या पडल्या. कॉलेजपासून मला 'ए अर्चे' म्हणणारी वर्षा माईकवर म्हणाली, "थँक्यू मॅडम. आपलं नाव?"

आणि मी सांगितलं. आडनावासकट.