भिमाची पेशी

२ डिसेंबर
सकाळच्या एसटीने दौंडहून मांडवगण फराट्याला आलो. बानूबाईंच्या घराला लागून खोली मिळाली. स्वच्छ आहे, दारातून ऊस दिसतो. माझी बायको साधना हिला जाऊन आठ महिने झाले. दौंडच्या घरात तिची भांडी हलवायचेही मन होत नव्हते. इथे बरे वाटले. बानूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. पिठलं-भाकरी वाढताना त्यांनी विचारले, की मिल्ट्रीच्या क्लार्कला आमची भाकरी गिळती का, का क्यांटीनचंच डबं लागत्यात? खूप दिवसांनी हसलो.

त्यांनी एक काम सांगितले आहे. त्यांचे पती, शिपाई भिमा, एकाहत्तरच्या लढाईतून परत आले नाहीत. सोळा तारखेला गावात जवानांच्या नावांचा दगड बसणार आहे. पलटणीतल्या शिक्षेच्या कागदामुळे भिमाचे नाव अडले आहे.

४ डिसेंबर
कागद पाहिला. तीन नोंदी आहेत. एक, रायफल अस्वच्छ. दोन, रजेवरून तीन दिवस उशीर. कारण, मेंढ्या व्यायला आल्या होत्या. तीन, ८ डिसेंबर १९७१, काश्मीरकडच्या ठाण्यावर पहाऱ्यावरून गैरहजर. पुढचा निकालाचा रकाना कोरा.

नियम असा, की जवानाला समोर उभे करून आरोप वाचायचा, त्याचे म्हणणे घ्यायचे, मगच शिक्षा. याला पेशी म्हणतात. भिमाची पेशी झालीच नाही, म्हणजे आरोप सिद्ध नाही. दगडाचे काम पाहणाऱ्या निवृत्त सुभेदार मारुतरावांना हे सांगितले. ते म्हणाले, सिद्ध न्हाई म्हंजी सुटला, असं कुठं हाय? कागद अर्धा हाय, क्लार्कसाहेब, आन् दगडावरचं खोडता येत न्हाई.

९ डिसेंबर
चोवीस वर्षांच्या नोकरीत मी एकही कागद अर्धा ठेवला नाही. आज दुपारी भिमाचा वर्दीतला फोटो खुर्चीवर ठेवला आणि आरोप मोठ्याने वाचला. काही सांगायचे आहे का, असे रीतीप्रमाणे विचारलेही. आपल्याच मनाच्या समाधानासाठी.

दाराबाहेर टाचा जुळल्याचा आवाज आला. बाहेर कोणी नव्हते. बानूबाई शेतात होत्या.

१० डिसेंबर
उंबऱ्याबाहेर फरशीवर बुटांचे दोन ओले ठसे. टाचा जुळवलेल्या. पुसले. जेवून येईपर्यंत पुन्हा होते.

पेशीला आणलेला माणूस हुकमाशिवाय हलत नाही. मला हे माहीत होते. वाचताना आठवले नाही.

१२ डिसेंबर
बानूबाईंना ठसे दाखवले. त्या खाली बसल्या. चोपन्न वर्षांत कोणाला न सांगितलेले त्यांनी सांगितले. त्या डिसेंबरात भर दुपारी तो दारात आला होता. तिकडं लई गार हाय बानू, एवढंच बोलला. त्या दारातूनच म्हणाल्या, लोकं तोंडात शेण घालतील, जा माघारी. पाणीबी इचारलं न्हाई वो मी. तो वळला आणि गेला.

साधना शेवटच्या दिवशी दवाखान्यात मला थांबा म्हणाली होती. मी जेवायला घरी गेलो होतो.

कोऱ्या रकान्यात लिहिले: पळून गेला नाही. ठाण्याकडे परत निघाला होता. फक्त गैरहजर. शिक्षा, ताकीद. ते दारात उभा राहून वाचले. बानूबाईंचे म्हणणे वेगळ्या कागदावर घेऊन खाली त्यांचा अंगठा घेतला. मारुतरावांनी दोन्ही कागद दोनदा वाचले. म्हणाले, कोरतो नाव.

१४ डिसेंबर
नाव कोरले. बानूबाई अक्षरांवरून हात फिरवून आल्या.

ठसे गेले नाहीत. आता उंबऱ्याच्या आत आहेत. तोंड दाराकडे.

१५ डिसेंबर
आता कळले. शिक्षा झालेल्याला एकटा सोडत नाहीत. सोबत एक माणूस देतात, तो त्याला ठाण्यावर पोचवून सही घेतो. तो हुकूम मी दिलाच नाही. इथे सोबत द्यायला दुसरे कोणी — बानूबाईंना नाही सांगणार.

खोली गार. पेन झटकावे लागते. ठशांवर बर्फ —

तो एक पाऊल सरकला आहे. शेजारी एका माणसाची जागा.

अकरा वाजले. बाहेर ऊन आहे. बूट घातले. उजवी नाडी बांधली. डावी