सोडलेलं कारलं

३ नोव्हेंबर १९९६, लातूर. सकाळी ६.
काल गयेहून परतलो. सिंधूला, माझ्या बायकोला, जाऊन वर्ष झालं. पिंडदानानंतर पंड्याने सांगितलं, आवडीची एक भाजी कायमची सोडा, मोह सुटतो. मी गंभीर चेहऱ्याने कारलं सोडलं. बावीस वर्षं सिंधू दर सोमवारी कारलं करायची आणि मी ताटावर बसून भांडायचो. पंडा हेलावला. मोह सुटला.

५ नोव्हेंबर.
वैराग्याचं टाइमटेबल भिंतीवर लावलं. वरच्या खोलीत बारावीच्या पोरी अकरावीपासून भाड्याने राहतात, त्यांच्या क्लासच्या धर्तीवर. ५ ते ६ गीता, अध्याय दुसरा. ६ ते ६.१५ दुःख. मग दुःख बंद. रविवारी टेस्ट.

१० नोव्हेंबर, रविवार.
टेस्ट दिली. पेपर मीच काढला, मीच तपासला. ९४. एका उत्तरावर शाई पसरली होती, तिथे सहा कापले. पेन बदलणे.

१३ नोव्हेंबर, दुपार.
जमीन किंचित हलली. तीन वर्षांपूर्वीच्या भूकंपापासून इथे भांडं पडलं तरी गल्ली रस्त्यावर येते. मी पळालो नाही. भरभर चाललो. देह नाशवंत आहे, हे मला पाठ आहे. वरच्या खोलीतली आरती, निलंग्याची, म्हणाली, काका, कढई घेऊन कामून पळालाव? बघतो तर हातात सिंधूची कारल्याची कढई. लोखंड टिकाऊ असतं, असं सांगितलं.

१५ नोव्हेंबर.
दुःख ६ ते ७.३० केलं. एक्स्ट्रा क्लास. तात्पुरता.

१८ नोव्हेंबर, सोमवार.
वरून कारल्याच्या फोडणीचा वास. स्टोव्ह नीट आहे ना, एवढंच बघायला वर गेलो. तीनदा. आरती म्हणाली, तुम्हाला कारलं चालत न्हाई, ठाऊक हाय. काकूच सांगायच्या, ह्यांना आवडत न्हाई म्हणूनच करते. तेवढंच भांडतेत तरी. एरवी दिवसभर तोंडातून शब्द न्हाई.
आज गीता वाचायची राहिली.

२५ नोव्हेंबर, सोमवार.
शास्त्र नीट तपासलं. सोडायची ती आवडीची भाजी. कारलं आवडीचं नव्हतंच, म्हणजे त्याग मुळातच बाद. खायला मोकळा.
तिच्या कढईत स्वतः केलं. करपलं. फोटोसमोर ताट घेऊन बसलो आणि मनसोक्त भांडलो. मीठ कमी, तेल जास्त, कडूपणा तसाच. वरून आरती ओरडली, काका, कुणाला बोलायलाव? म्हटलं, रिव्हिजन.
सगळं संपवलं. कढई पुसून खाल्ली.
घोटाळा असा की आता ते आवडतं. म्हणजे नियमाने आता सोडावं लागेल.
टाइमटेबल उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: सोमवार, कारलं.