दाराआडची बंदूक

स्पायसर खोरं, पूर्व केंटकी
८ सप्टेंबर १९९६

प्रिय हॉलिस,

स. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी जेवणाच्या तक्रारी गाळल्या, तर तिने गाळलेल्या ओळी मलाच म्हणून दाखवल्या. तिचं खुब्याचं हाड जुळलंय, पण वॉकर सुटत नाही. काल त्याच वॉकरने तिने परसात शिरलेला शेजाऱ्यांचा कोंबडा हाकलला, तेव्हा तिची फार काळजी करू नकोस.

काळजी दुसरीच आहे. पंधरवड्यापूर्वी वळणावरच्या नेपियर म्हातारीकडे चोर शिरले. टीव्हीला हात लावला नाही, फक्त दुखण्याच्या गोळ्या नेल्या. आपल्या आईच्या उशाशी तीच बाटली आहे, आणि हे दवाखान्यापासून चर्चपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात मंगळवारपासून एक हिरवा पिकअप आपल्या फाटकाबाहेर उभा राहायला लागलाय. संध्याकाळी पाचच्या सुमाराला येतो, इंजिन बंद करतो, अर्धा तास घराकडे बघत बसतो आणि जातो. चालवणाऱ्याने टोपी इतकी खाली ओढलेली असते की चेहरा दिसत नाही.

तुला पोलिसांनी नेलं त्या आठवड्यात आईने बाबांच्या सगळ्या बंदुका ड्यूईला देऊन टाकल्या होत्या. साडेआठ वर्षं या घरात हत्यार नाही. आता मी घ्यायचं ठरवलंय. काल ड्यूईला घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने एक छोटं पिस्तूल काढलं, म्हणाला बायकांच्या हाताला हेच बरं, उशीखाली राहतं. ड्यूई म्हणाला, काही नको, छऱ्यांची बंदूक घे, नुसता तिचा आवाज ऐकून चोर दुसऱ्या जिल्ह्यात पळेल. दोघांची इतकी जुंपली की मी मधून निघून आले तरी त्यांना पत्ता नाही. आपला चुलतभाऊ कसा आहे तुला माहीत आहे.

तेव्हा तूच सांग, पिस्तूल की बंदूक. बाबांनी नेम धरायला तुला शिकवलं, मला भांडी विसळायला बसवलं. त्याची भरपाई समज.

आईचे आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
रेना

---

तुरुंग, बराक क्रमांक ४
१६ सप्टेंबर १९९६

चि. रेनास,

अ. उ. आशीर्वाद. आमची पत्रं इथे उघडून वाचतात हे तू विसरलीस. परवा साहेबांनी बोलावून विचारलं की तुझी बहीण बंदुकांबद्दल का लिहिते. मी म्हणालो, घाबरली आहे म्हणून. ते म्हणाले, मग तिला सांग की विचारायला तिने माणूस छान निवडलाय. बरोबरच होतं त्यांचं. दारात आलेल्या पोराला गोळी घालून आत बसलेल्या माणसाला असा सल्ला विचारणारी तू एकटीच असशील.

माझं उत्तर नाही असं आहे. घेऊ नकोस. मुदतीआधी सुटका द्यायची का हे ठरवणाऱ्या मंडळापुढे माझी सुनावणी १९ नोव्हेंबरला आहे. मंडळाने सोडायचं ठरवलं तर आधी त्यांचा माणूस येऊन आपलं घर बघेल. माझ्यासारख्याला बंदूक असलेल्या घरात राहता येत नाही. तू बंदूक आणलीस तर मला दुसरं घर शोधावं लागेल, आणि मला दुसरं घर नाही.

गोळ्यांची बाटली दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे ठेव, रोजच्या रोज आण. पायऱ्यांवर मोठा दिवा लाव. कुत्रा पाळ, भुंकणारा. ड्यूईला रात्री झोपायला बोलाव, तो घोरतो त्याने पण चोर पळेल.

आईला माझा नमस्कार. मी रागावलो नाही, तूही रागावू नकोस.

तुझा भाऊ,
हॉलिस

---

स्पायसर खोरं
२४ सप्टेंबर १९९६

प्रिय हॉलिस,

स. न. वि. वि. थोडक्यात लिहिते.

काल पिकअप फाटकाच्या आत आला. माणूस उतरला, टपालपेटीपाशी उभा राहिला, आणि आपल्या पायऱ्यांकडे आणि दाराकडे असा बघत राहिला की जणू मोजमाप घेतोय. मी शेरीफच्या पोलीस कचेरीला फोन केला. त्यांचा माणूस पंचावन्न मिनिटांनी आला. तोवर पिकअप गेला होता. त्याने वहीत लिहून घेतलं आणि जाताना म्हणाला, बाई, या खोऱ्यात आम्ही पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं, तुम्ही एखादी बंदूक घ्या.

कुत्रा आणला. तो त्या माणसाकडे बघून शेपूट हलवत होता.

तुला यायला घर हवं, हे मला कळतं. पण तोपर्यंत त्या घरात आम्ही दोघी जिवंत असायला हव्यात. बंदूक मी तुझ्या येण्याच्या आदल्या दिवशी ड्यूईकडे पोचवीन, शब्द देते. पाच तारखेला शनिवार आहे, तेव्हा दुकानात जाणार. तुझं पत्र आलं तर तू सांगशील ते घेईन. नाही आलं तर दुकानदार देईल ते.

रागात लिहिलंय, पण लोभ कमी झालेला नाही.

रेना

---

तुरुंग, बराक क्रमांक ४
३० सप्टेंबर १९९६

चि. रेनास,

अ. उ. आशीर्वाद. तू ऐकणार नाहीस हे बाबांना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी तुला शिकवलं नसावं. आता नीट वाच.

पिस्तूल घेऊ नकोस. घाबरलेल्या हातात त्याचा नेम चार पावलांवरही राहत नाही, आणि चुकलेली गोळी पातळ भिंतीतून पार जाते. दाराच्या उजव्या भिंतीपलीकडे आईचा पलंग आहे. वीस बोअरची छऱ्यांची बंदूक घे. बारा बोअरची नळी जाड असते, तिचा धक्का तुझ्या खांद्याला झेपणार नाही, ड्यूई काहीही म्हणो. दस्ता आखूड घे, खांद्याला नीट टेकला पाहिजे. काडतुसं बारीक छऱ्यांची घे. घरातल्या घरात ती पुरेशी आहेत आणि भिंतीपलीकडे त्यांचा जोर फार उरत नाही. बंदूक कुलपात ठेव, काडतुसं वेगळी. पंचवीस काडतुसं ड्यूईच्या कुरणात उडवल्याशिवाय ती घरात आणू नकोस.

छऱ्यांच्या बंदुकीचा आणखी एक गुण आहे. ती काढावी लागते, भरावी लागते, दोन्ही हातांनी उचलावी लागते. तेवढ्या वेळात माणूस विचार करू शकतो. माझं रिव्हॉल्व्हर दाराजवळच्या खणात भरलेलं होतं.

पुढचं मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. त्या आठवड्यात आपल्या छपरीतून अवजारं चोरीला गेली होती, आणि तुम्ही दोघी मावशीकडे होतात. फेब्रुवारीची संध्याकाळ, बाहेर गारांचा पाऊस. पायऱ्यांवर पावलं वाजली, मग कडी हलली. मी पोलिसांना सांगितलं की मी तीनदा विचारलं, कोण आहे, आणि उत्तर आलं नाही. वकिलाला तेच सांगितलं, आईलाही. त्यामुळेच आरोप हलका झाला.

मी विचारलं नव्हतं, रेना. एकदाही नाही. खण उघडला आणि दारातून गोळी झाडली. दार उघडलं तर केंड्रिक स्टिडम पडला होता, बावीस वर्षांचा. त्याची गाडी चरात घसरली होती, त्याला फोन करायचा होता.

म्हणून बंदूक उचललीस तर आधी विचार. मोठ्याने, दोनदा, आणि उत्तराला वेळ दे. दाराच्या समोर नको, बाजूला उभी राहा. हे पत्र कोणीतरी वाचेलच, वाचू दे. आईला मात्र हे पान दाखवू नकोस.

एवढं कळूनही भाऊ म्हणशील, अशी आशा आहे.

हॉलिस

---

स्पायसर खोरं
१४ ऑक्टोबर १९९६

प्रिय हॉलिस,

स. न. वि. वि. भाऊ म्हणते. त्या पानाबद्दल मला काय वाटलं ते अजून मलाच नीट सांगता येत नाही, म्हणून काय घडलं ते आधी सांगते.

तू म्हणालास तशीच घेतली, वीस बोअरची, आखूड दस्त्याची. कुरणात तीस काडतुसं उडवली. खांदा काळानिळा झाला आणि ड्यूई म्हणाला की कुंपणाने आता भिऊन राहायला हवं.

काल रविवार. दुपारी चार वाजता पिकअप सरळ अंगणात आला. मी आईला सांगितलं, पलंगावरून हलू नकोस. ती म्हणाली, हलायला येतंय कुठे. मी बंदूक काढली. दोन काडतुसं भरताना एक हातातून पडलं आणि पलंगाखाली गेलं, ते तिथेच राहू दिलं. पावलं पायऱ्या चढली, दारापाशी थांबली. मी भिंतीला टेकून उभी होते. मग ओरडले, कोण आहे, तिथेच थांबा, माझ्याकडे बंदूक आहे.

काही उत्तर नाही. मी मनात पाचपर्यंत मोजलं. बोट चापाबाहेर ठेवायचं असतं, पण ते आत गेलं होतं हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पुन्हा विचारलं, कोण आहे.

तेव्हा बाहेरून म्हाताऱ्या आवाजात उत्तर आलं की मी एल्झी स्टिडम, केंड्रिकचा बाप, हात वर केलेत. आणि मग तो म्हणाला, पोरी, तेच पुन्हा एकदा म्हण, पण जरा हळू.

मला वाटलं त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. तरी म्हटलं, हळू. तो म्हणाला, ऐकू आलं. आणखी हळू म्हण. मी आणखी हळू म्हटलं. तेही ऐकू आलं म्हणाला. फटीतून बघितलं तर तो वरच्या पायरीवर पाठ करून बसला होता.

मी बंदूक रिकामी करून कुलपात टाकली आणि दार उघडलं. त्याने विचारलं, दार तेच का. मी म्हटलं, नाही, नवीन आहे, जुन्यापेक्षा जाड. त्याने मान हलवली.

त्याला तुझ्या सुनावणीची नोटीस गेली आहे. तिथे काय बोलायचं ते ठरवायला तो महिनाभर येत होता आणि फाटकावरून परत जात होता. म्हणाला, माझ्या पोराला हाक मारली आणि त्याने ओ दिली नाही असं जन्मात झालं नाही. मग त्या दिवशी तीन हाका मारल्यावर तो गप्प का राहिला, हे साडेआठ वर्षं सुटत नाही. बायको म्हणते, आपण त्या काळात दूर ओहायोत राहत होतो, पोरगा एकटा होता, नशा करत असेल, आपल्याला कळलं नसेल. ती त्याचा फोटो भिंतीवर लावत नाही.

आईने आतून हाक मारली, माणसाला बाहेर का बसवलंस म्हणून. त्याला आत आणलं. कॉफी दिली, दुपारचा मक्याचा ब्रेड दिला. त्याने खाल्ला नाही, हातात धरून बसला. आणि हॉलिस, आई त्याला म्हणाली, माझ्या हॉलिसने तीनदा विचारलं होतं हो, गारांच्या आवाजात ऐकू गेलं नसणार. तो म्हणाला, असेल.

तुझं पत्र माझ्या एप्रनच्या खिशात होतं. तुझ्या सुनावणीला पाच आठवडे राहिलेत. तो गेल्यावर मी भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासली. गप्प राहिले ते तुझ्यासाठी, पण ते मला पेलत नाहीये. तूच ठरव.

आईला सर्दी आहे. बाकी ठीक.

तुझीच,
रेना

---

तुरुंग, बराक क्रमांक ४
२० नोव्हेंबर १९९६

चि. रेनास,

अ. उ. आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसत होतो आणि फाडत होतो. काल सुनावणी झाली, म्हणून आता लिहिता येतंय.

मंडळाची तीन माणसं होती. एल्झी स्टिडम कोपऱ्यात बसले होते, कोट घालून, टोपी मांडीवर. त्यांना आधी बोलायला सांगितलं. ते म्हणाले, मी त्या दारापाशी उभा राहून आलो. आतली मुलगी घाबरली होती, तिच्या हातात बंदूक होती, तरी तिने दोनदा विचारलं, म्हणून मी जिवंत परत आलो. मला एवढंच कळून घ्यायचंय की माझ्या मुलाला विचारलं होतं का. बाकी तुम्ही काय ते ठरवा.

मंडळातल्या बाईंनी कागद उलटून वाचला आणि मला म्हणाल्या, तुमच्या जबाबात तीनदा विचारल्याचं आहे, त्यावर काही सांगायचं आहे का. रेना, माझ्या वकिलाने आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं की नवीन काही बोलू नकोस. मी म्हणालो, तो जबाब खोटा आहे. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने उत्तर दिलं असतं.

निकाल तासाभरात आला. सुटका नाही, तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करायचा. वकील माझ्याशी बोलत नाही.

तू स्वतःला बोल लावशील हे मला माहीत आहे, म्हणून लिहितो. तू विचारलंस म्हणून मला तीन वर्षं लागली नाहीत. मी विचारलं नाही म्हणून लागली. बंदूक ठेव. गोळ्यांचे चोर मोकळेच आहेत, आणि तीन वर्षं त्या घरात हत्यार असल्याने माझं काही अडत नाही. काडतुसं मात्र ओल लागणार नाही अशी ठेव, आणि ते पलंगाखालचं आईचा वॉकर अडकायच्या आधी काढ. आईला आता सगळं सांग. माझ्याकडून सांगितलंस तरी चालेल, तुझ्याकडून सांगितलंस तर ती लवकर सावरेल.

मला परत नेताना दारात स्टिडम उभे होते. शिपाई थांबला, मग मीही थांबलो. मला वाटलं, थुंकतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हातातली टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, घरी पोचायला तीन तास लागतात, बायको जागीच असेल, आज पोराचा फोटो लावायला सांगतो.

इथे थंडी पडायला लागली आहे. तुमची खुशाली कळवत जा.

तुझा भाऊ,
हॉलिस