शेवटचं पान

३ मार्च
साठ पानं झाली, तरी नायिका अजून जिन्यातच! ही कादंबरी ज्यानं वाचली नाही तो माणूस अर्धाच जगला, असं सासऱ्यांचं मत. म्हणजे मी अर्धी. त्यांचा एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याचं परवा ऑपरेशन झालं. त्यावर पट्टी, म्हणून मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडे. त्यांनी तरुणपणी वाचलीय, पण शेवट आठवत नाही म्हणे. मग एवढी थोर कशी?

५ मार्च
नवरा जेवला नाही. ऑपरेशनचा आग्रह त्याचाच. बाबा म्हणत होते, ‘दिसतंय तेवढं पुरे.’ आता हा घोकत बसलाय — ‘गेलं तर माझ्यामुळे गेलं.’ म्हटलं, शुभ बोल रे नाऱ्या!

६ मार्च
धुक्याचं वर्णन, नऊ पानं! सरळ उलटली. मध्ये सांधा जुळावा म्हणून एक वाक्य पदरचं घातलं. बाबा म्हणाले, ‘वा सूनबाई, काय भाषा आहे बघ!’ मी हरभऱ्याच्या झाडावर. आता रोज उलटते.

८ मार्च
सगळ्यांनी वाचायलाच हवीत अशी पुस्तकं सगळ्यांच्या कपाटात असतात. कोरी करकरीत.

१० मार्च
संपली एकदाची. शेवटच्या पानावर नायिका नदीत जीव देते. एवढं रखडवून हे? मला राग आला. आणि डोळ्याला पट्टी बांधून बसलेल्या माणसाला हे कसं वाचून दाखवायचं? नाही जमलं. मी तिला घरी पाठवलं — ‘तिनं दार ढकललं. आत दिवा होता.’

बाबांनी तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. दोनदा.

१२ मार्च
डॉक्टरांनी सांगितलं होतं तशी आज घरीच पट्टी काढली. नवरा भिंतीला टेकून उभा, चेहरा पांढराफटक. बाबांनी त्याच्याकडे तोंड केलं. मग मला म्हणाले, ‘ते पुस्तक आण. शेवटचं पान काढून दे.’

माझी पाचावर धारण बसली. आता चोरी पकडली जाणार!

बाबांनी पानावर बोट ठेवलं. ते हळूहळू सरकवत खणखणीत आवाजात वाचलं, ‘तिनं दार ढकललं. आत दिवा होता.’

‘दिसतंय! बाबांना दिसतंय!’ नवरा लहान मुलासारखा रडायला लागला. बाबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

डॉक्टरांकडे सोमवारी जायचंय. तोवर पुस्तक माझ्या कपाटात, कपड्यांच्या खाली. नवऱ्याच्या हाती लागता कामा नये.