उजव्या कानातलं मशीन

मस्कत,
१४ नोव्हेंबर १९८६

चि. क्षमास, सगुणचे अ. आ.

तर तुम्हां सगळ्यांच्या मते चूक माझीच. मशीन मी घेतलं, ते चालत नाही, म्हणजे सगुणला दुकानदाराने गंडवला. भाई तर जेवताना म्हणाला म्हणे, की सातवी नापास माणसाने घेतलेली वस्तू अशीच निघायची. त्याला सांग, ज्या दुकानात मी पेट्या उचलतो त्याच दुकानातून घेतलंय, आणि मालकाने माझ्यासमोर स्वतःच्या कानाला लावून बघितलंय. भाईला मराठीचा एवढा पुळका, सभांना माणसं गोळा करत फिरतो, तर सख्ख्या भावाला चार ओळी मराठीत लिहायला काय हात मोडले? तीन वर्षांत एक पत्र नाही.

आता नीट वाच आणि बाबांच्या समोर बसून एकेक कर. डबीच्या मागचं झाकण नखाने खाली ओढायचं. आत पेन्सिल सेल बसतो, त्याचं टोकदार डोकं अधिकच्या खुणेकडे. उलटा बसला तर मशीन मुकं. वरच्या कडेला खटका आहे, त्याला तीन जागा. ओ म्हणजे बंद. एम म्हणजे माणसाचं बोलणं. दोन डोंगर शेजारी उभे केल्यासारखं अक्षर दिसतं, ते बाबांनाही ओळखता येईल. टी फोनसाठी, तिथे खटका राहिला तर नुसती भुणभुण. बाजूचं चाक एकपासून हळू वर ने. एकदम चारवर नेलंस तर बाबा डबी अंगणात फेकतील. शिटी वाजली तर कानातलं बटण सैल बसलंय असं समज. कान थोडा वर ओढून ते आत दाब. घामाने मशीन मरतं, म्हणून बनियनवर एक खिसा शिवून दे, आणि त्याला आतून प्लास्टिक लाव. शिवणाच्या क्लासला जातेस ना? मग जरा उपयोग होऊ दे.

मला घाई का आहे ते तुला ठाऊक आहे. माझा इथला कागद मेमध्ये संपतो. आणखी दोन वर्षांची सही करायची, की घरी येऊन रस्त्याकडच्या खोलीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान घालायचं, हे मला बाबांच्या तोंडून ऐकायचंय. भाईच्या नको. बाबांच्या नावाने भाईने पुष्कळ उत्तरं दिली. मला इथं धाडायची बाबांचीच इच्छा आहे असं त्यानेच सांगितलं, आणि बाबा बाजूला बसून मान हलवत होते. काय ऐकून हलवत होते देव जाणे. फोनवर माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचावा, एवढ्यासाठी दोन महिन्यांचा पगार त्या डबीत घातलाय.

राग तुझ्यावर नाही. पण पत्र तूच वाचतेस, तर तूच घे.

तुझा दादा,
सगुण


धारगळ,
२० डिसेंबर १९८६

ती. सगुणदादास, क्षमाचा शि. सा. न.

तुझं पत्र फार उशिरा हाती आलं. भाषेच्या भांडणात रस्त्यावर झाडं आडवी पडलीत, बस कधी येते कधी नाही. भाई मराठीच्या सभेला जातो, वहिनीचं माहेर कोंकणीच्या बाजूचं, त्यामुळे सभा संपली तरी आमच्या स्वयंपाकघरात सुरूच असते. बाबा मधे बसून शांतपणे जेवतात. ऐकू न येण्याचा तेवढा तरी फायदा.

तू लिहिलंस ते सगळं केलं. सेल सुलटाच होता, तरी नवा घातला. खटका दोन डोंगरांवर आहे. मी स्वतःच्या कानाला लावलं तर माडावरचा कावळा खांद्यावर बसून ओरडल्यासारखा वाटला, हातातला तांब्या पडला. म्हणजे मशीन मेलेलं नाही. पण बाबांना नुसतं कानात गरम लागतं. तरी रोज आंघोळ झाली की तुळशीच्या माळेसारखं ते घालतात आणि दिवे लागले की काढतात. पोराने पाठवलंय म्हणतात.

देवाचं काही राहिलं असंही नाही. मशीन आलं त्याच दिवशी देवळात नेऊन देवीचा कौल घ्यायला प्रसाद लावला होता. भटजींनी गाऱ्हाणं घालून विचारलं, की हे कोणत्या कानात घालावं, उजव्या की डाव्या. देवीच्या उजव्या अंगावर चिकटवलेली पाकळी पडली. म्हणून पहिल्या दिवसापासून उजव्याच कानात घालतात, त्यात कधी खाडा नाही. बाकी कुठे चुकत असेल तर कळव.

वहिनी विचारत होती, पुढच्या खेपेला मिक्सर पाठवशील का. मी लिहिते म्हटलं, लिहिलं.

तुझी माया आहे तशीच राहो.
क्षमा


मस्कत,
९ जानेवारी १९८७

क्षमा, आशीर्वाद शेवटी देतो, आधी हे वाच.

आपल्या घरात कुणाच्या डोक्यात सेल उलटा बसलाय ते शोधा. बाबांचा उजवा कान मेलाय, बाय! डिचोलीच्या खाणीवर बावीस वर्षं कंप्रेसर त्यांच्या उजव्या अंगाला धडधडत होता. लहानपणी खाऊला पैसे मागायचे तर आपण धावत त्यांच्या डाव्या बाजूला जायचो, ते कशाला? बाबा स्वतः काही बोलले नसतील, देवीचं नाव आलं की ते बोलत नाहीतच. पण तू? भाई? तो तर पदवीधर.

मशीन मेलेला कान जिवंत करत नाही. जेवढं उरलंय तेवढं मोठं करतं. उजव्यात काही उरलंच नाही तर मोठं काय करणार? खात्री करायची असेल तर गजराचं घड्याळ घे. बाबांना डोळे मिटायला सांग, मशीन काढून ठेव, आणि गजर चालू करून एकदा या कानाजवळ धर, एकदा त्या. ऐकू आलं तर बोट वर करायचं. ते उत्तर कागदावर लिहून ठेव, म्हणजे भाईला वाद घालता येणार नाही.

देवीला मी दोष देत नाही. तुम्ही उजवा की डावा विचारलंत, तिने एक सांगितलं. अडाणीपणा विचारणाऱ्यांचा. बाबा तिचा शब्द मोडणार नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून परत देवळात जा. माझ्या नावाने नारळ ठेव आणि नीट विचार, की ज्या कानाने गजर ऐकू येतो त्यात हे मशीन घालायला तुझा होकार आहे का. म्हणजे उजवी पाकळी पडली तर होकार, आणि कान डावा.

तीन महिने गेले. मे जवळ येतोय.

आता आशीर्वाद घे.
सगुण


धारगळ,
१२ फेब्रुवारी १९८७

ती. सगुणदादास, शि. सा. न.

तुझ्या शिव्या मिळाल्या, पोटात घातल्या. गजराला बाबांनी डाव्या कानाला बोट वर केलं, उजव्याला नुसते हसले. देवीने तासभर बसवून ठेवलं आणि मग उजवी पाकळी दिली. भटजी म्हणाले, हा प्रश्न आधीच असा विचारायला हवा होता. आता म्हणतात!

अंगणात बसून डाव्या कानात घातलं, चाक दोनवर. इतक्यात पोदेर पाव घेऊन आला. सायकल वळणावर असतानाच त्याचा भोंगा वाजला आणि बाबांनी मान वळवली. दादा, सायकल दिसायच्या आधी वळवली. मग विचारलं की घरात कोण रडतंय. कोणी नव्हतं, मागच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती. उठून स्वतः तेल घातलं. संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्या दारांना तेल.

हे मी कोणालाच सांगितलं नाही, कारण बाबांनी बजावलंय. मशीन बिनकामाचं आहे असं भाई-वहिनींनी तीन महिन्यांत धरून टाकलंय, तर तसंच राहू दे म्हणाले. तुझा फोन येईल त्या दिवशी भाईच्या देखत पोराशी बोलणार, मग बघू कोण मान हलवतो ते. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते. तुझ्या दुकानाला कुठे फळ्या ठोकायच्या तेही मला दाखवून झालं.

भाषेचा कायदा झाल्यापासून भाई कोणाशी धड बोलत नाही, तेवढं घर गप्प आहे.

तू ये, बस्स.
क्षमा


मस्कत,
२७ फेब्रुवारी १९८७

चि. क्षमास अ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. बिजागरीचं मालकालाही सांगितलं, तो हसला.

फोन २७ मार्चला, शुक्रवारी, दुपारी चार वाजता, तिठ्यावर कृष्णनाथांच्या दुकानात. बाबांना अर्धा तास आधी ने. सेल त्याच सकाळी नवा घाल. फोन आला की खटका टीवर. आणि हे विसरू नकोस: रिसीव्हर बाबांच्या कानाला लावायचा नाही. ऐकायचा भाग छातीवरच्या डबीला चिकटवायचा, कारण मशीनचा कान तिथे आहे. माझं बोलून झालं की रिसीव्हर उचलून तोंडाशी न्यायचा, मग बाबांनी बोलायचं. घरी रिसीव्हर समजून लाकडाचा तुकडा घेऊन दोन दिवस सराव करा, उचल-ठेव. लोक हसतील, हसू देत.

रिसीव्हर भाईच्या हातात जाता कामा नये. मी एकच गोष्ट विचारणार आहे, येऊ का. बाबांनी ये म्हटलं की मी मालकाला सांगून मोकळा.

तुझा दादा,
सगुण


मस्कत,
२७ मार्च १९८७

क्षमा,

मशीन उत्तम चालतं. माझा शब्द न् शब्द बाबांना ऐकू आला. त्यांनी सांगितलं की येऊ नकोस, दोन वर्षं काढ, इथे तुला जागा नाही. आणि ठेवला. तीन मिनिटांचे पैसे भरले होते, एक मिनिट उरलं.

उद्या सही करतो. भाईला सांग, तू जिंकलास, आता तुला पत्र लिहायचा त्रासही नाही.

सगुण


धारगळ,
३० मार्च १९८७

ती. सगुणदादास, शि. सा. न.

हे लिहू नको असं बाबांनी मला शपथेवर सांगितलंय. पण तू त्यांना काय समजून बसला असशील ते मला इथे कळतंय, म्हणून शपथ मोडते.

फोनच्या चार दिवस आधीची गोष्ट. रात्रीची जेवणं चालली होती. बाबा समोर असताना भाई-वहिनी नेहमीच मोकळं बोलतात, दगडासमोर बोलावं तसं. रस्त्याकडची खोली भाईने जूनपासून एका टायरवाल्याला भाड्याने दिलीय, आगाऊ पैसे घेतलेत आणि ते संपलेतही. म्हणून तू आता यायला नको. बाबांची खाट तिथून हलवून मागच्या उघड्या पडवीत टाकायची. वहिनीने विचारलं की फोनवर बाबांनी तुला ये म्हटलं तर. भाई हसला. म्हणाला, बहिऱ्याला काय कळतंय, मी शेजारी उभा राहीन, मान हलवायची त्यांना सवयच आहे.

हल्ली दिवे लागले तरी बाबा मशीन काढत नाहीत. चाक तीनवर होतं, दादा. माझ्या हातातला घास तसाच राहिला. बाबांनी मात्र आणखी थोडी कढी मागितली, भात संपवला आणि हात धुतला.

सकाळी मी रडून भांडले. ते म्हणाले, मी ये म्हटलं तर तो येईल, आणि दारात दुसऱ्याचे टायर बघून कोयता उचलेल. दोघा पोरांतल्या एकाच्या घरी मला जेवायचंच आहे. त्यापेक्षा तो लांब राहून माझ्यावर रागावू दे, मी सोसतो.

फोनवर तसंच बोलले. भाई शेजारी उभा होता. मशीन चालतं हे त्याला तेव्हा कळलं आणि त्याचा चेहरा उतरला. घरी आल्यावर बाबांनी कानातलं बटण काढून डबीसकट रुमालात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. ऐकू येत नव्हतं तोवर घरात शांतता होती, म्हणाले.

त्यांच्यावरचा लोभ तोडू नकोस.
क्षमा


मस्कत,
१७ एप्रिल १९८७

चि. क्षमास अ. आ.

सही २८ तारखेलाच केली. तुझं पत्र आधी आलं असतं तर केली नसती असं लिहिणार होतो, पण खरं माहीत नाही. टायर बघून मी कोयता उचलला असता हे मात्र बाबांनी बरोबर ओळखलं.

तू लिहिलंस म्हणून राग गेला असं समजू नकोस. बाबांनी सोसायचं ठरवलं, माझ्या वाटणीचंही. मला कुणी विचारलं नाही. पूर्वी भाई त्यांच्या नावाने ठरवायचा, आता ते माझ्या नावाने ठरवतात. या घरात मी म्हणजे कोपऱ्यातला रेडिओ, कुणीही येऊन कान पिळावा.

भाईला मी लिहिणार नाही. त्याने लिहिलं तर फाडीन. मिक्सरचं वहिनीला सांग, की तो आता टायरवाल्याकडे माग.

तू मशीन रुमालातून काढ. आधी झाकण उघडून सेल बघ. आत राहिला असेल तर पाझरून तारेवर हिरवी बुरशी धरली असेल, ती कोरड्या फडक्याने पूस, पाणी लावू नकोस. नवा सेल घाल आणि बाबांच्या डाव्या कानात बसव. ते नको म्हणतील, तर सांग की सगुणने बाकी काही मागितलं नाही. बनियनवरचा खिसा उसव आणि शर्टाच्या बाहेर शिव, छातीवर, सगळ्यांना दिसेल असा. डबी दिसली की त्या दोघांना स्वतःच्या घरात हळू बोलावं लागेल. शिक्षा म्हणून एवढीच माझ्या हातात आहे.

आणि पडवी तशी उघडी राहू द्यायची नाही. खाट तिथेच जाणार असेल तर पावसाच्या आत तीन बाजूंनी चिऱ्याची भिंत घाल, वाऱ्याउजेडाला अंगणाकडे एक जनेल, आणि दाराला आतून कडी. हळर्णचा एखादा गवंडी बघ, भाईच्या ओळखीचा नको. माणूस स्वतःच्या खोलीत तरी कडी लावून मशीन काढू शकतो.

दोन वर्षं आहेत. पत्र लिहीत जा, निदान तू.

तुझा दादा,
सगुण

ता. क. दुकानासाठी मीटर आणि हत्यारं घ्यायला बाजूला ठेवले होते तेच पाठवतोय. ड्राफ्ट भाईच्या नावाने नाही, बाबांच्याच, बाबुराव परब या नावाने आहे, बँकेत तू सोबत जा. रुपये दोन हजार आठशे.