गुड फ्रायडेचं सूप

पप्पा,

तुमचं सूप आज मी केलं. नळीच्या बीफचं, वर लाल तवंग, खाली जाड नूडल्स. तीस वर्षं मी ते टाळत आले होते. खाटकाने विचारलं, "मॅडम, छोटा पीस बना दूँ?" मी नको म्हटलं आणि हाड अख्खं घरी आणलं, कारण तुमचा चॉपर माझ्याकडे आहे आणि तो चालवायची मला खुमखुमी आली होती. दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनमधलं आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. पहिल्या घावाला लाकडी फळी उडाली, दुसऱ्याला हाड तडकलं, तिसऱ्याला खालच्या बाईने छताला झाडूचा दांडा आपटला. मी थांबले नाही. हाड फुटताना मला बरं वाटत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

माझी मुलगी टेबलाशी बसून तिरफळं निवडत होती. बारा वर्षांची आहे. साल ठेवायची, आतलं काळं बी टाकायचं, एवढंच काम; पण तिचं एक बोट फोनवर आणि बिया सगळ्या वाटीत. मी ओरडले तर मान वर न करता म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट सीड्स." माझा हात वर गेला. ती खुर्ची ढकलून फ्रिजला जाऊन चिकटली, तेव्हा मला कळलं की उगारलेल्या हातात चॉपर आहे. मम्मी तिथेच बसली होती. सत्तरी ओलांडली आहे तिने, माझ्याकडेच असते. ती म्हणाली, "हात खाली कर." मी केला, आणि माझ्या तोंडून शब्द आला, "खलास. जा, हात धू." तुमचा शब्द, तुमच्याच आवाजात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तुम्ही गेलात, पीळ इकडे ठेवून गेलात.

म्हणून सूप शेगडीवर ठेवून लिहायला बसले. मला फक्त त्या गुड फ्रायडेचं बोलायचं आहे. त्या दिवशी मम्मीच्या मांड्यांवर उकळतं भांडं कोणी ओतलं, हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. मम्मीला सांगायचं की नाही, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

नव्वदीच्या सुरुवातीचं ते बर दुबईचं घर आठवा. दोन खोल्यांचा फ्लॅट, एका खोलीत आपण तिघं, दुसरीत साइटवर फोरमन असलेले रत्नागिरीकडचे काका, किचन सामायिक. तुम्ही हॉटेलात चायनीजच्या सेक्शनला होतात. तुमचा म्हातारा चिनी शेफ स्टाफसाठी हे सूप करायचा, त्याचं बघून तुम्ही शिकलात. चुकलात की तो गरम डावाची पाठ तुमच्या हातावर टेकवायचा. कोपरापासून मनगटापर्यंत गोल डाग होते, पाच-सहा तरी. वसईचा माणूस, सहा फुटांचा, त्या लुकड्या म्हाताऱ्यापुढे 'येस शेफ' म्हणायचा आणि घरी येऊन मम्मीला चपात्या थंड आहेत म्हणून भिंतीवर ढकलायचा. वड्याचं तेल वांग्यावर निघतं म्हणतात, ते मी रोज बघत होते. मारून झालं की तुम्ही हात झटकून म्हणायचात, "खलास." हॉटेलात डिश बाहेर गेली की म्हणत असाल, तसंच. मग लगेच, "यल्ला, ताटं घ्या." आणि आम्ही ताटं घ्यायचो.

सूप मात्र तुम्ही जीव लावून करायचात, तेही खरं आहे. बीफ आधी उकळून वरची मळी काढून टाकायची, मग साखर काळपट होईपर्यंत जाळून त्यात तुकडे परतायचे, आलं, लसूण, पातीचा कांदा, सोया सॉस, चक्रीफूल. मिरचीची चिनी पेस्ट सुपरमार्केटात मिळायची, पण तुम्ही तिच्यात मम्मीचा बाटली मसाला मिसळायचात. जिभेला मुंग्या आणणारी ती चिनी मिरी काही सापडेना, तेव्हा काकांनी गावाहून आणलेली तिरफळाची पुडी पुढे केली. "आमच्याकडं बांगड्यात घालतात. वास घेऊन बघा." तुम्ही एक साल चावलीत आणि डोळे मिटून हसलात, म्हणालात, "हेच तर आहे." काका बीफ खात नव्हते. सूप शिजायला लागलं की खोलीचं दार लावून उदबत्ती लावायचे, पण दरवर्षी गावाहून येताना तुमच्यासाठी तिरफळं आणायचे. निवडायचं काम माझ्याकडे. एकदा दोन बिया राहिल्या. तुम्ही पहिला घास घेतलात, दाताखाली कचकन वाजलं. "हबीबी, बी कोण काढणार?" असं लाडात विचारलंत आणि कानाखाली अशी काढलीत की संध्याकाळपर्यंत त्या कानाने मला ऐकू येत नव्हतं. त्यानंतर माझ्या वाटीत बी राहिलं नाही.

आता तो दिवस. तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची मिस्सा आम्ही शुक्रवारीच ऐकायचो, चर्च त्याच दिवशी भरायचं. म्हणता म्हणता आपल्या घरात शुक्रवारालाच रविवार म्हणायला लागले. "रविवारी काय करायचं?" म्हणजे शुक्रवारी. तुम्हाला हॉटेलातून महिन्याला एक शुक्रवार मिळायचा. त्या आठवड्यात बुधवारी तुम्ही बूट घालता घालता मम्मीला म्हणालात, "या रविवारी सूप करतो." मम्मीचा उपवासकाळ चालू होता, डोक्यात पवित्र आठवडा, तिला वाटलं, खरोखरचा रविवार, ईस्टरचा. ती खूश होऊन म्हणाली, "करा ना. चांगलंच आहे." मी तिथे दप्तर भरत होते. दोघांचं बोलणं माझ्या कानांवरून गेलं आणि मलाही काही खटकलं नाही.

शुक्रवारी सकाळी मम्मी आणि मी चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना करून परत आलो. मम्मीच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. जिन्यातच वास आला. मम्मी कठड्याला धरून थांबली, मग वर चढली. तुम्ही बनियनवर उभे, हात मैद्याने पांढरे, नूडल्सची कणीक ओट्यावर आपटत होतात आणि शीळ घालत होतात. टेबलावर सुपाचे तीन बोल मांडलेले, पात चिरून ठेवलेली. तुम्हाला इतकं आनंदात मी फार वेळा पाहिलेलं नाही.

"आज गुड फ्रायडे आहे," मम्मी म्हणाली.

"मग?"

"मग मांस कसं चालेल? आज तो मेला. एक दिवस तरी."

"बुधवारी हो म्हणालीस."

"रविवारी म्हणालात तुम्ही."

"मग आज काय आहे?"

पप्पा, तेव्हा कोणी हसलं असतं तर सगळं निभावलं असतं. दोघंही खरं बोलत होतात. पण तुम्हाला वाटलं ती शब्द फिरवते आहे, आणि वर्षातले बारा शुक्रवार तुमच्या वाट्याला यायचे, त्यातलाच एक देवाला कसा पाहिजे, असं तुम्ही ओरडलात. एक बोल भरलात. मम्मीला खुर्चीत दाबलंत. तिने तोंड फिरवलं तेव्हा दोन्ही हातांनी तिचे केस धरलेत आणि तिचा चेहरा बोलात बुडवलात. "खा. हो म्हणाली होतीस. खा." रस्सा तिच्या नाकात गेला. ती खोकत होती, टेबलाला नखं लावत होती. तुम्ही तिला वर खेचलंत आणि पुन्हा बुडवलंत.

मी अकरा वर्षांची होते. शेगडीवरचं भांडं दोन्ही कानांना धरून उचललं. फडकं घ्यायचं सुचलं नाही, त्याचे डाग माझ्या तळहातांवर अजून आहेत. मला तुम्हाला घाबरवायचं नव्हतं. तुम्ही मरायला हवे होतात. तुमच्या पाठीवर ओतायला मी ते उचललं आणि तुम्हाला माझी चाहूल लागली. मम्मीला केसांसकट ओढत तुम्ही वळलात. भांडं माझ्या अंगच्या ताकदीपेक्षा जड होतं, ते टेबलाच्या कडेला आपटलं आणि सगळं तिच्या मांड्यांवर गेलं. ती जशी किंचाळली तसा आवाज मी नंतर कधी ऐकला नाही. तुम्ही तिचे केस सोडलेत. माझ्याकडे पाहिलंत. रिकामं भांडं माझ्या हातातच होतं. तुम्ही ते माझ्या बोटांतून काढून घेतलंत आणि धरून उभे राहिलात.

तेवढ्यात काका दार ढकलून आत आले. बीफ शिजत असताना किचनचा उंबरा न ओलांडणारा माणूस अनवाणी त्या रश्श्यात उभा राहिला आणि बादलीने मम्मीच्या पायांवर पाणी ओतायला लागला. "काय केलंत हो हे," एवढंच तो तुम्हाला म्हणाला. भांडं तुमच्या हातात होतं. हॉस्पिटलात पोलीस आला, कोणी केलं विचारायला. तुम्ही छातीवर हात ठेवलात. "अना," म्हणालात. अरबीत 'मी'. त्याने माझ्या बँडेज बांधलेल्या हातांकडे पाहिलं, तेव्हा तुम्ही पुन्हा जोरात म्हणालात, "अना, अना. खलास." मी तुमच्या बाजूलाच उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मम्मीने तक्रार केली नाही, तरी हॉटेलातून तुम्हाला काढलंच. जबल अलीला एका लेबर कॅम्पच्या किचनमध्ये तुम्ही लागलात, आणि शाळेचं वर्ष संपल्यावर मम्मी मला घेऊन वसईला आली. मांड्यांची कातडी ओढली गेल्यामुळे ती वाकडी चालायची, अजून चालते. कोणी विचारलं की सांगायची, "नवऱ्याने भाजलं," आणि मी मान हलवायचे. तुमचा फोन कार्डवरून यायचा. मम्मी घेत नसे, मीच घ्यायचे. तुम्ही विचारायचात, "पाय कसा आहे?" मी म्हणायचे, बरा आहे. एकदा मी रडायला लागले आणि म्हणाले, तिला सांगू का? तुम्ही म्हणालात, "नको. ते खलास झालं." मारल्यानंतर म्हणायचात तोच शब्द, पण त्या दिवशी तो मला ऐकावासा वाटला. मी एकोणीस वर्षांची असताना तुम्ही कॅम्पच्या किचनमध्येच कोसळलात. शवपेटीबरोबर एक खोका आला. त्यात चार शर्ट, चॉपर, आणि तिरफळांचा डबा. डब्यातल्या सगळ्या बिया काढलेल्या होत्या.

इथवर लिहिलं आणि जेवायला उठले. टेबलाशी बसलो तेव्हा माझी मुलगी माझ्यापासून लांबची खुर्ची घेऊन बसली. तिने बिया काढून वाटी पुन्हा आणून दिली होती, एकही राहिली नव्हती, आणि ते बघून मला माझीच किळस आली. मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "इट्स ओके," आणि खुर्ची जवळ घेतली नाही. मम्मीने दोन बोल संपवले. तोंड पुसलं. मग बोलाकडे बघत सहज म्हणाली, "त्याचे दोन्ही हात माझ्या केसांत होते गं. भांडं उचलायला तिसरा कुठून आणला असता त्याने?"

मुलगी म्हणाली, "व्हॉट हॅण्ड्स, ग्रॅनी?" मम्मी म्हणाली, "काही नाही. जेव."

म्हणजे तिघांची अळीमिळी गुपचिळी होती, आणि सगळ्यात पक्की तिनेच पाळली. तिला तुम्हाला सोडून यायला कारण हवं होतं की मला वाचवायचं होतं, हे मी विचारलं नाही. विचारणारही नाही. तुम्ही एकदा माझ्यासाठी खोटं बोललात म्हणून तुमचा आधीचा मार पुसला जात नाही, तेही सांगून ठेवते. हा कागद मी तिरफळांच्या डब्यात ठेवणार आहे, तुमच्याच. मम्मीने उघडला तर उघडला.

एक गोष्ट तिलाही माहीत नाही. भांडं उचलल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ते तुमच्या अंगावर पडलं नाही, याचंच वाईट वाटत आलं, तुम्ही पोलिसाला 'अना' म्हणालात त्यानंतरही, तुमची शवपेटी वसईला आली त्या दिवशीही. आज पोरगी फ्रिजला चिकटली तेव्हापासून तसं वाटलेलं नाही. उद्याचं मला माहीत नाही.