गच्चीवरचं अळू

बाबा, गच्ची रिकामी करून द्यायला मी नाही म्हणाले. तुम्ही असतात तर आधी मलाच रागावला असतात, म्हणून तुम्हालाच सांगते आहे.

सरकारी क्वार्टरच्या मागे, मोरीचं पाणी जायचं तिथे आईने काळ्या देठाचं अळू लावलं होतं. कंद माहेरून आणलेले. तुम्हाला बढती मिळाली, मोठं क्वार्टर मिळालं, आणि सामान निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही ऑफिसच्या पँटीतच खाली बसून ते सगळं मुळासकट उपटलंत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, हात कणकेचे आहेत. ती एवढंच म्हणते, "राहू द्या ना, पुढचे खातील." तुम्ही मान वर न करता म्हणता, "जागा सरकारची आहे. घेतली तशी परत द्यायची." मग पायाने दाबून माती सपाट केलीत. त्यानंतर आईने कुठल्याच क्वार्टरमध्ये काही लावलं नाही. तुमच्या सचोटीचं ऑफिसात कौतुक व्हायचं. मला त्या दिवशी तुमचा जो राग आला, तो अजून गेलेला नाही.

करोल बागेत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले तेव्हा हट्टानेच सुरुवात केली. फळवाल्याकडून थर्माकोलचे खोके आणले, तळाला भोकं पाडली. गच्चीवर भार नको म्हणून माती कमी आणि शेणखत, नारळाचा भुसा जास्त घातला. आणि मृग लागला म्हणून, आई सांगायची तसं, मेथी-कोथिंबीर पेरून मोकळी झाले. दिल्लीत मृगाला लू चालते हे जन्म इथे काढूनही मला सुचलं नाही. कोंब वर आले आणि दुपारच्या उन्हात करपले. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई पोट धरून हसल्या. मेथी दिवाळीच्या सुमाराला टाकायची असते, म्हणाल्या. मीही हार मानणारी नव्हते. हिरवी जाळी बांधली, भाज्यांची सालं जुन्या माठात कुजवायला लागले, पेरणी इथल्या हवेप्रमाणे करायला शिकले. होळीच्या सुमाराला अळू लावलं. थंडीत त्याची पानं मान टाकतात, पण कंद आत जिवंत असतो. तेव्हा फक्त धीर धरायचा, उपटायचं नाही.

आता नोकरी संपली, मी मुलीजवळ फरीदाबादला चालले आहे. घरमालकांनी निरोप पाठवला की छत बिल्कुल खाली करून हवं, दिलं होतं तसं. तुमचंच वाक्य, फक्त हिंदीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवसभर काम करता करता उत्तर पाठ केलं आणि संध्याकाळी खाली गेले.

"ये पौधे यहीं रहेंगे, भाईसाहब," मी म्हणाले. "जो आएगा, वो खाएगा."

नवा भाडेकरू पाणी कशाला घालेल, अशी त्यांनी शंका काढली. मी तोंड उघडणार एवढ्यात घरमालकीणबाई आतून म्हणाल्या, "पानी मैं दूँगी. इतने साल पतौड़े किसके पत्तों के खा रहे हो?" त्यांच्याकडे अळूवडीला पतौड़े म्हणतात. घरमालकांनी खांदे उडवले. "चलो, रहने दो," म्हणाले, आणि पुन्हा टीव्ही बघायला लागले.

मी जिना चढून वर आले आणि अळूच्या खोक्यापाशी बसून रडले. मी जिंकले होते, पण पाठ केलेलं अर्धंअधिक तसंच उरलं होतं. लावलेलं मागे ठेवून जाणं म्हणजे चोरी नाही, आईला निदान एकदा विचारायचं होतंत, असलं सगळं. त्या बिचाऱ्या माणसाचा त्यात काय संबंध? मी अजूनही म्हणते की तुम्ही चुकलात, आणि खोके इथेच राहणार आहेत. हा कागद कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून कबूल करते: ते "रहने दो" मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.